बागबाजारची परदेशी शेजारीण

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकातील लेखाचा विषय मराठी माणूसच असावा, अशी वाचकांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. तथापि ज्या शहरात आपण येऊन स्थिरावलो, त्याच शहरात आपल्यापूर्वी येऊन राहिलेल्या आणि आपल्याहून कितीतरी अधिक परक्या असलेल्या एका स्त्रीची हकीकत आपणांस पुष्कळ काही सांगू शकेल, असे वाटल्यावरून भगिनी निवेदिता यांच्या कलकत्त्यातील वास्तव्याचा इतिहास येथे मांडीत आहे. स्वामी विवेकानंदांच्या शिष्या म्हणून त्यांचे नाव मराठी घराघरांत ठाऊक आहे. परंतु उत्तर कलकत्त्याच्या सनातनी वस्तीत या परदेशी बाईंनी बिऱ्हाड कसे थाटले, शेजाऱ्यांनी त्यांना कोणत्या अटींवर आपले म्हटले आणि त्यास किती काळ लागला, ही कथा तितकीशी परिचित नाही.

या बंदराशी आपल्याही इतिहासाचा एक धागा जोडलेला आहे. गोपाळराव जोशी टपाल खात्याच्या नोकरीनिमित्त हुगळीकाठच्या श्रीरामपुरास असताना त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी भाषण करून आपला अमेरिकेस जाण्याचा निश्चय जाहीर केला आणि ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहूनच त्या जहाजात बसल्या. वय अवघे अठरा वर्षांचे. पती बरोबर नाही. पुढे अनोळखी देश. तेथे रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात घेतले आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. परक्या मुलखात गेलेल्या स्त्रीस घराचा उंबरठा कोणीतरी आतून ओलांडू द्यावा लागतो, हे या नात्यात दिसते. आनंदीबाई गेल्या त्या बंदरात पंधरा वर्षांनी एक आयरिश शिक्षिका उतरली. तिलाही अशाच एका उंबरठ्याची गरज होती.

तत्पूर्वी परदेशी स्त्रिया कलकत्त्यात आल्या नव्हत्या असे नाही. साहेबांच्या बायका होत्या, मिशनरी स्त्रिया होत्या, आणि स्त्रीशिक्षणाच्या तळमळीने आलेल्याही काही होत्या. १८७२ मध्ये ॲनेट ॲक्रॉइड या विदुषी बाई येथे आल्या आणि १८७३ मध्ये त्यांनी हिंदू महिला विद्यालय काढले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु मुलींना काय आणि कसे शिकवावे याविषयी केशवचंद्र सेन यांच्याशी त्यांचे जमले नाही. १८७५ मध्ये बेव्हरिज नावाच्या सनदी अधिकाऱ्याशी विवाह करून त्या साहेबी वर्तुळात गेल्या आणि १८८३ मध्ये, म्हणजे आनंदीबाई जहाजात बसल्या त्याच वर्षी, हिंदी न्यायाधीशांसमोर युरोपीयांचे खटले चालू देणाऱ्या इलबर्ट विधेयकास त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर विरोध केला. शिकविण्यासाठी आलेली व्यक्ती शेजारीण होतेच असे नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

मार्गारेट एलिझाबेथ नोबल यांचा जन्म २८ ऑक्टोबर १८६७ रोजी आयर्लंडमधील डंगॅनन येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. मार्गारेट दहा वर्षांच्या असताना ते वारले. लहान वयातच त्यांनी शिक्षिकेची नोकरी पत्करली आणि पुढे लंडनजवळच्या विंबल्डन येथे स्वतःची शाळा चालविली. मुलांना धाकाने न शिकविता त्यांच्या स्वाभाविक कलाने शिकवावे, या नव्या विचाराच्या त्या पुरस्कर्त्या होत्या. १८९५ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये विवेकानंदांची व्याख्याने त्यांनी ऐकली. अनेक प्रश्न विचारून, पुष्कळ वाद घालून मगच त्या त्यांच्या अनुयायी झाल्या. हिंदुस्थानात येण्याची इच्छा त्यांनी प्रकट केली तेव्हा स्वामीजींनी २९ जुलै १८९७ रोजी अल्मोड्याहून लिहिलेल्या पत्रात अडचणींचा पाढाच वाचला. येथील उन्हाळा सोसणार नाही, युरोपीय सुखसोयी मिळणार नाहीत, गोरे लोक विक्षिप्त समजतील आणि एतद्देशीय लोक स्पर्शास्पर्शाच्या कल्पनेमुळे दूर ठेवतील, असा त्याचा आशय होता. एवढे वाचूनही त्या निघाल्या.

२८ जानेवारी १८९८ रोजी त्या कलकत्त्यास पोहोचल्या. प्रथम मुक्काम अर्थातच युरोपीय वस्तीत झाला. नंतर काही दिवस बेलूर येथे गंगेकाठच्या घरात, सारा बुल आणि जोसेफिन मॅक्लाउड या दोन अमेरिकन स्त्रियांसमवेत. ११ मार्च रोजी स्टार थिएटरात त्यांचे जाहीर व्याख्यान होऊन टाळ्यांचा कडकडाट झाला. परंतु टाळ्या वाजविणारे श्रोते आपल्या माजघरात बोलावतीलच असे नसते. खरा प्रसंग त्यानंतर सहा दिवसांनी घडला. १७ मार्च रोजी श्रीरामकृष्णांच्या पत्नी सारदादेवी यांच्या भेटीस या तिघी गेल्या असता त्या ब्राह्मण विधवेने परदेशी स्त्रियांसमवेत अन्नग्रहण केले. कोणतीही सभा न घेता, कोणताही ठराव न करता एका खेड्यातून आलेल्या स्त्रीने जो उंबरठा ओलांडू दिला, त्याचे मोल विवेकानंदांनीही आश्चर्याने नमूद केले आहे. २५ मार्च रोजी मार्गारेट यांस ब्रह्मचर्यदीक्षा मिळाली व निवेदिता हे नाव लाभले.

काश्मीरचा प्रवास आटोपून नोव्हेंबरात परतल्यावर त्यांनी साहेबांच्या वस्तीकडे पाठ फिरविली आणि बागबाजारातील बोसपाडा गल्लीत राहावयाचे ठरविले. प्रथम काही दिवस सारदादेवींच्याच बिऱ्हाडी, इतर स्त्रियांच्या संगतीत, जमिनीवर चटई अंथरून त्या राहिल्या. मात्र त्यांच्या राहण्यामुळे यजमान स्त्रियांना आप्तेष्टांत बोल लागू शकतो, हे ध्यानात येताच त्यांनी त्याच गल्लीत १६ क्रमांकाचे घर भाड्याने घेतले. आपल्यास आसरा देणाऱ्यावर आपल्या आसऱ्याचे ओझे पडू नये, ही त्यांची जाणीव लक्षात घेण्यासारखी आहे.

आता मोलकरणीचा प्रश्न आला. म्लेंच्छ बाईच्या घरी काम करावयास कोण येणार? अखेर एक म्हातारी तयार झाली. बंगालीत मोलकरणीस झी म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ मुलगी असाही आहे. या झीने अट घातली ती अशी की, मालकिणीने स्वयंपाकाच्या जागेत पाऊल टाकता कामा नये आणि चुलीस व पाण्यास हात लावता कामा नये. भाडे देणाऱ्या बाईंना त्यांच्याच घरातील चूल वर्ज्य! निवेदितांनी ही अट निमूटपणे मान्य केली. त्यांच्या ठिकाणी दुसरी एखादी सुधारणावादी बाई असती, तर तिने म्हातारीस स्पृश्यास्पृश्यतेवर व्याख्यान दिले असते, नाहीतर तिला काढून टाकले असते. निवेदितांनी तिला तिच्या वेगाने जवळ येऊ दिले. त्यांनी स्वतः या घराविषयी पुढे जे लिहिले, त्यात या झीचे चित्र मोठ्या जिव्हाळ्याने रेखाटलेले आहे.

१३ नोव्हेंबर १८९८ रोजी, कालीपूजेच्या दिवशी, सारदादेवींच्या हस्ते त्यांच्या छोट्या शाळेचा आरंभ झाला. विद्यार्थिनी मिळविण्यासाठी घरोघर जावे लागे. आईबापांना भीती अशी की, ही बाई आपल्या मुलींना ख्रिस्ती करील किंवा मेमसाहेब तरी बनवील. निवेदितांनी उलट मुलींच्या हाती माती, रंग, शिवण आणि आलपना दिली. वाचनलेखन बंगालीतून ठेवले. स्वामी स्वरूपानंदांपाशी त्या स्वतः बंगाली शिकत होत्या. मुलगी लग्नाच्या वयाची झाली, म्हणजे दहाबारा वर्षांची झाली, की शाळेतून जाई, आणि शिक्षिकेच्या डोळ्यांत पाणी उभे राही. पैसा तर कधीच पुरला नाही.

शेजाराची खरी कसोटी १८९९ मध्ये लागली. मराठी वाचकांना १८९७ चा पुण्याचा प्लेग सांगावयास नको. रँडच्या कारकिर्दीत गोरे सोजीर घरांत शिरून देवघरापर्यंत तपासणी करीत, आणि त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झाला, हेही सर्वविदित आहे. ही वार्ता कलकत्त्यापर्यंत पोहोचलेली होती. त्यामुळे १८९८ मध्ये येथे प्लेगची चाहूल लागताच लोक रोगापेक्षा सरकारी उपायांच्या धास्तीने शहर सोडून पळू लागले. पुढील वर्षी साथ पुन्हा आली तेव्हा रामकृष्ण मिशनने मदतकार्य आरंभिले. निवेदिता त्या समितीच्या कार्यवाह होत्या व स्वामी सदानंद प्रत्यक्ष काम पाहत होते. झाडूवाले कमी पडले तेव्हा निवेदिता स्वतः झाडू घेऊन गल्लीत उतरल्या. ते पाहून पाड्यातील तरुण लाजले आणि त्यांनी त्यांच्या हातातील झाडू घेतला. ज्यांचे नाव आज कोलकात्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयास आहे, त्या डॉ. राधागोविंद कर यांनी एक आठवण नोंदविली आहे. बागबाजारच्या झोपडपट्टीत प्लेगने आजारी असलेल्या एका मुलाची चौकशी करण्यास निवेदिता त्यांच्याकडे आल्या. सावध राहण्याचा सल्ला देऊन डॉक्टर नंतर तेथे गेले, तेव्हा त्या ओल धरलेल्या झोपडीत आई गमावलेल्या मुलास मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मूल वाचले नाही. पुण्यात गोरा चेहरा घरात शिरला तो हुकूम घेऊन. येथे तो शिरला तो शुश्रूषेसाठी. साथ तीच होती. लोकांच्या मनावर उमटलेला ठसा मात्र अगदी निराळा होता.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये शाळेसाठी निधी जमविण्यास त्या पश्चिमेकडे गेल्या व १९०२ च्या आरंभी परतल्या. ४ जुलै १९०२ रोजी विवेकानंद निवर्तले. राजकीय कार्यापासून दूर राहणे शक्य नसल्यामुळे निवेदितांनी मठाशी असलेला औपचारिक संबंध सोडला. ज्या गुरूसाठी त्या आल्या तो गुरू गेला. ज्या संस्थेत आल्या ती संस्थाही बाजूस राहिली. परत जाण्यास याहून सबळ कारण कोणते असावे? परंतु त्या बोसपाडा गल्लीतच राहिल्या. जर्मनीत जन्मलेल्या व अमेरिकेतून आलेल्या भगिनी ख्रिस्टीन यांनी १९०३ मध्ये प्रौढ स्त्रियांचे वर्ग सुरू केले आणि पडद्यातील सुना व विधवा शाळेत येऊ लागल्या. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. गोपालेर माँ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अघोरमणी देवी, सोवळ्याओवळ्यात अत्यंत कडक अशा ब्राह्मण विधवा, वृद्धापकाळी निवेदितांच्या घरी राहावयास आल्या आणि १९०६ च्या जुलैत गंगातीरी देह ठेवीपर्यंत त्यांची सेवा निवेदितांनी केली. १८९८ मध्ये जिच्या चुलीला मोलकरीण हात लावू देत नव्हती, तिच्याच छपराखाली पाच वर्षांनी अशा वृद्धेने आपले अखेरचे दिवस काढावे, यात सारे काही आले.

महाराष्ट्राशीही त्यांचा संबंध आला. १९०२ च्या शरद ऋतूत मुंबई, नागपूर, वर्धा, अमरावती येथे त्यांची व्याख्याने झाली. गोपाळ कृष्ण गोखले कायदेमंडळाच्या कामासाठी कलकत्त्यास येत, तेव्हा त्यांच्याशी निवेदितांचा स्नेह जडला. १९०५ च्या काशी काँग्रेसला, गोखले अध्यक्ष असताना, त्या उपस्थित होत्या. लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत असता नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुण बंगाली चित्रकारांनी तेथे जावे यासाठी निवेदितांनीच खटपट केली, आणि स्वतःही त्या अजिंठ्यास गेल्या.

त्यांच्या लिखाणात दोष नाहीत असे नाही. १९०४ च्या ‘द वेब ऑफ इंडियन लाइफ’ या ग्रंथात हिंदू कुटुंबाचे जे चित्र आहे, त्यात सुनेचे व विधवेचे दुःख पुरेसे उतरलेले नाही. ज्या रूढींवर आगरकरांनी आसूड ओढले, त्यांतील काहींचे त्यांनी समर्थन केले. परक्यास आपलेसे होण्याच्या ओढीत असा पक्षपात घडू शकतो. परंतु अनुकरणाविषयी त्यांची दृष्टी स्वच्छ होती. रवींद्रनाथांनी आपल्या मुलीस इंग्रजी पद्धतीने शिकविण्याची विनंती केली तेव्हा बाहेरचे शिक्षण मुलाच्या स्वभावावर लादू नये, असे सांगून त्यांनी नकार दिला. त्याच रवींद्रनाथांनी त्यांच्या निधनानंतर त्यांना लोकमाता म्हटले. १३ ऑक्टोबर १९११ रोजी दार्जिलिंग येथे, वयाची चव्वेचाळीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला. असेल नसेल ते सारे त्यांनी येथील स्त्रियांच्या शिक्षणासाठी लिहून ठेविले.

त्याच काळात या शहरात सखाराम गणेश देऊस्कर नावाचे मराठी गृहस्थ बंगालीत लिहीत होते. त्यांनी १९०२ मध्ये येथे शिवाजी उत्सव सुरू केला आणि १९०४ मध्ये ‘देशेर कथा’ हा ग्रंथ लिहिला. सरकारने १९१० मध्ये तो जप्त केला. शिवरायांना विसरल्यावाचून बंगालचे होता येते, हे त्यांनी दाखविले. जन्मभूमीचा मान राखून पाड्यातील शेजारीण होता येते, हे निवेदितांनी दाखविले. आपल्या मंडळात गणपती बसतो, दिवाळी अंक येतात, मुलांना मराठी बोलावयास लावण्याची धडपड चालते. हे सारे योग्यच आहे. परंतु पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना, आपल्या गल्लीतील किती घरांची दारे आपल्यासाठी आतून उघडली आणि आपण कितींसाठी उघडली, हेही मोजावयास हवे.

बोसपाडा गल्लीतील निवेदितांचे घर २०१३ मध्ये राज्य सरकारने ताब्यात घेऊन रामकृष्ण सारदा मिशनकडे सोपविले व त्याची डागडुजी होऊन तेथे स्मारक झाले. त्यांची शाळाही जवळच चालू आहे. गावाकडून पाहुणे आले म्हणजे आपण त्यांना दक्षिणेश्वर, बेलूर दाखवितो. जाता येता बागबाजारात अर्धा तास थांबावे आणि मुलांना ते अरुंद आवार अवश्य दाखवावे.