चेतवणे : काळाराम सत्याग्रह आणि कृतीला उभे करणारे शब्द

१/
२ मार्च १९३०, रविवार. नाशिकमध्ये सकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. दुपारी सुमारे १५ हजारांची मिरवणूक पंचवटीतील काळाराम मंदिराकडे निघाली. मंदिराचे दरवाजे बंद होते. ते पुढील अनेक वर्षे अस्पृश्यांसाठी बंदच राहिले. मग या लढ्याने काय साधले? उत्तर काही मराठी शब्दांत दडले आहे. 🧵

२/
सत्याग्रह समितीचे चिटणीस होते भाऊराव, म्हणजेच दादासाहेब गायकवाड. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचा हा तरुण तेव्हा अवघा २७ वर्षांचा होता. नोटीस देणे, माणसे जमवणे, लढा नेटाने चालू ठेवणे ही कामे त्याच्याकडे होती.

३/
‘कंबर कसणे’, ‘बाह्या सरसावणे’, ‘पदर खोचणे’. निश्चय मनात होतो. मराठी मात्र तो अंगावरच्या वस्त्रांतून सांगते. यांतला ‘पदर’ येथे विसरता कामा नये. ३ मार्चला दारांसमोर बसलेल्या पहिल्या तुकडीत १२५ पुरुष होते आणि २५ स्त्रियाही होत्या.

४/
त्यांनी जे केले त्याला आपण ‘धरणे’ म्हणतो. हा शब्द जुना आहे. पूर्वी सावकार ऋणकोच्या दारात अडून बसे. त्याला काही झाले तर दैवी कोप ऋणकोवर होईल, ही त्यामागची भीती. १८६० च्या भारतीय दंड विधानात, कलम ५०८ खाली, अशा धरण्याचे उदाहरणच दिले होते. नाशिकला मात्र ज्याच्या कोपाचे भय घालायचे, तो देवच बंद दाराआड होता. येथे मागणी होती माणूस म्हणून समान हक्काची.

५/
‘सत्याग्रह’ हा शब्द त्या मानाने नवा. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी आपल्या लढ्यासाठी नाव मागवले. मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवले. गांधीजींनी त्याचे ‘सत्याग्रह’ केले. काळाराम सत्याग्रहानंतर दहाच दिवसांनी, १२ मार्चला, दांडीयात्रा निघाली. एकाच महिन्यात एकच शब्द दोन सत्तांपुढे उभा ठाकला : एक परकी राजसत्ता, दुसरी स्वकीयांची रूढी.

६/
९ एप्रिलला रामाची रथयात्रा होती. दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढावा, असा समझोता ठरला होता. तो पाळला गेला नाही. रथ पुढे पळवला गेला, दगडफेक झाली, सत्याग्रही जखमी झाले. तरीही लढा थांबला नाही.

७/
३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहिले. सत्याग्रह पुन्हा सुरू करू नये, असे त्यांचे मत होते. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा आरंभला नव्हता. दलित समाजात चैतन्य यावे आणि त्याला स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी, यासाठी तो मार्ग योग्य वाटला होता. ते काम झाले होते. आता शक्ती राजकारण आणि शिक्षणाकडे वळवायची होती.

८/
मूळ पत्र इंग्रजीत आहे. त्यातील दोन्ही हेतूंना कवेत घेणारे एक क्रियापद मराठीत आहे : ‘चेतवणे’. चूल चेतवतात, तशी माणसेही चेतवतात. ‘चेतना’ त्याच कुळातली. विस्तव आणि जाणीव, दोन्ही एकाच धातूच्या पोटी.

९/
१३ ऑक्टोबर १९३५. नाशिक जिल्ह्यातलेच येवले. ‘हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही’ या आशयाची घोषणा बाबासाहेबांनी तेथे केली. जे दार उघडत नव्हते, त्याच्यापुढे आता थांबायचे नव्हते. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात झाला तो १९४७ मध्ये.

१०/
गायकवाड पुढे खासदार झाले. १९५९ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. मागणी होती कसायला जमिनीची. नाशिकच्या दारात चेतलेला विस्तव शेताच्या बांधापर्यंत पोहोचला होता. काळाराम सत्याग्रहाचे यश मोजताना दारासोबत ही वाटही मोजावी लागते.