बुचाचे जाकीट आणि बेशुद्ध डॉक्टर

१८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगबोट ताबा सुटून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. १५ माणसे गेली. बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते, असे वाचलेल्यांनी सांगितले. आपणही होडीत बसलो की ते मांडीवरच ठेवतो. पोहता येते, मग कशाला?

हा प्रश्न जुनाच आहे. १८५४ साली ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेचे निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनी कॅनव्हासवर बुचाचे तुकडे शिवून जाकीट बनवले. ९ फेब्रुवारी १८६१ च्या वादळात व्हिटबी बंदरातली जीवरक्षक नौका पाच खेपा करून आली, सहाव्या खेपेला उलटली. तेरापैकी बारा खलाशी बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन. त्याच्या अंगावर हे नवे जाकीट होते.

पण बूच म्हातारे होते. १९०४ साली न्यूयॉर्कजवळ 'जनरल स्लोकम' बोटीला आग लागली, तेव्हा जुन्या जाकिटांतल्या बुचाचा भुगा झालेला होता. हजारावर माणसे मेली. त्याच सुमारास बुचाऐवजी कापोक, म्हणजे आपल्या पांढऱ्या सावरीचा कापूस, वापरात येऊ लागला.

खरा प्रश्न मात्र दुसऱ्या महायुद्धात पुढे आला. समुद्रात पडलेले वैमानिक जाकीट असूनही मरत, कारण ते बेशुद्ध असत. एडगर पास्क या डॉक्टरांनी तपासासाठी स्वतःचेच शरीर दिले. ऑक्सफर्डचे प्राध्यापक मॅकिंटॉश त्यांना भूल देत, श्वासनलिकेत नळी बसवत आणि जाकीट घालून तलावात सोडत. आज कोणतीही नीतिसमिती याला परवानगी देणार नाही. हा अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

शरीराची घनता जवळजवळ पाण्याइतकीच असल्याने माणसाला तरंगवायला थोडेसेच बल पुरते. अवघड असते ते नाक-तोंड पाण्याबाहेर ठेवणे. पुढे आणि मागे सारखाच भराव असेल, तर पालथा माणूस पालथाच राहतो. भराव छातीवर आणि मानेमागे असला, तर उत्प्लावन बल आणि वजन यांचे बलयुग्म त्याला उताणे करते. विद्यार्थ्यांना हे मातीचा गोळा आणि थर्मोकोलचा तुकडा घेऊन बादलीत दाखवता येईल.

मोटारबोटीत आणखी एक भानगड असते. चालक फेकला गेला तरी इंजिन थांबत नाही. बोट गोल फिरत परत त्याच्याच अंगावर येते, आणि खाली पंखा फिरत असतो. म्हणून इंजिनाच्या कळीला अडकवलेली दोरी चालकाच्या अंगाला बांधतात. तो पडला की ती निसटते आणि इंजिन बंद पडते. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान बोट वेगात चालवताना ही दोरी बांधणे सक्तीचे आहे. दोरी असते छोटीशीच.