चढ्या भावातली भुई

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहून गेला. पुण्यात नोकरीला आहे, नुकतेच लग्न झालेले. रात्री अंगणात बसलो असता त्याने विचारले, "मामा, भाव टोकाला असताना फ्लॅट घेतला आणि मग भाव उतरला, तर माणसाला जन्मभर पस्तावा होत असेल का हो?"

मी तीस वर्षे इतिहास शिकवतो. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देण्याची सवय राहिलेली नाही. शिवाय मी स्वतः २०१३ साली कर्ज काढून प्लॉट घेतला, घर बांधले. आणि दोनच वर्षांत शेजारचा तसाच प्लॉट बऱ्याच कमी भावात गेला. तेव्हा स्वतःचे दुखणे बाजूला ठेवून मी त्याला मुंबईची गोष्ट सांगितली. ती आपल्या भागालाही अगदीच परकी नाही.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला. साऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. आपल्या शेजारच्या धारवाड-हुबळी मुलखात अमेरिकन वाणाचा कापूस आधीपासूनच पिकत होता. तो समुद्रापर्यंत न्यावा म्हणून कारवार-सदाशिवगडच्या बंदराची स्वप्ने रंगली; त्यासाठीच १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. मुंबईत कापसाचा भाव तिपटीच्याही वर गेला. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकला, अशी आठवण सांगितली जाते.

पैसा आला की तो जमीन शोधतो. मुंबई बेट चिंचोळे. जमीन आणायची कोठून? समुद्रातून! भराव घालणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांत बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा गाजावाजा सर्वांत मोठा. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या आसपास जाऊन पोहोचला. वाचकहो, ध्यानात घ्या, ज्या जमिनीला हा भाव आला ती अजून पाण्याखाली होती. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार हलत होता आणि बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण ठेवून कर्जे वाटत होती. मूळचे मडगावचे गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले ते याच भरभराटीत, १८६३ साली.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेला. युद्ध संपल्याची वार्ता आली आणि कापूस गडगडला. वायद्याच्या सौद्यांचा हिशेब १ जुलै १८६५ रोजी पुरा व्हायचा होता. त्या दिवशी देणेकरी पुष्कळ आणि देऊ शकणारे थोडे, अशी गत झाली. बॅक बेचा शेअर दोन हजारांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचे जवळजवळ सारे भांडवल बुडाले व १८६८ साली ती गुंडाळावी लागली. शहराच्या १८६४ च्या गणनेत ८,१६,५६२ माणसे मोजली गेली होती. १८७२ च्या गणनेत ती ६,४४,४०५ भरली. ही सगळी घट मंदीमुळेच झाली असे म्हणता येणार नाही. पण पावणेदोन लाख माणसे कमी झालेल्या शहरात ज्यांनी भाड्याच्या आशेवर कर्ज काढून इमले उठवले असतील, त्यांचे काय झाले असेल हे वेगळे सांगायला नको.

"म्हणजे जमीन घेणारे सगळे बुडाले?" भाच्याने विचारले.

इथेच इतिहास जरा गंमत करतो. माणसे बुडाली, जमीन बुडाली नाही. पूर्व किनाऱ्यावर एल्फिन्स्टन कंपनीने केलेला भराव १८७० साली सरकारने विकत घेतला आणि पुढे १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टचा तो पाया ठरला. बॅक बेच्या भरावाची पट्टी रेल्वेला उपयोगी पडली. अर्धवट राहिलेले ते स्वप्न सरकारने १९२० नंतर पुन्हा हाती घेतले. तेव्हाही त्यातील उधळपट्टीवर नरिमन यांनी टीकेची झोड उठवली. अखेर तिथे मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहिल्या. आज तिथला भाव ऐकून छाती दडपते. 'जमीन कधी बुडत नाही' ही म्हण अशा रीतीने खरीच ठरली. फक्त १८६५ साली हात पोळलेल्यांपैकी कोणी ते पाहायला उरला नव्हता. जमिनीला वाट पाहता येते. कर्जाच्या हप्त्याला वाट पाहता येत नाही.

याची दुसरी बाजू खेड्यांत दिसली. कापसाच्या तेजीत शेतकऱ्याची पत वाढली होती. सावकार आपण होऊन पैसे देत होता. त्यातच तीस वर्षांची मुदत संपल्याने सरकारने १८६७ पासून पुणे जिल्ह्यात, इंदापूरपासून सुरुवात करून, सारा फेरआकारणीने बराच वाढवला. भाव उतरले, सारा आणि व्याज मात्र चढेच राहिले. शेवटी मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे गावी लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यांनी पिके जाळली नाहीत, रोखे जाळले. राग कशाचा होता ते यावरून कळते. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला, पण तोवर कित्येकांच्या जमिनी गेल्या होत्या.

यावरून मला असे वाटते की चढ्या भावाने घेणाऱ्यांत तीन प्रकार असतात. विकण्यासाठी घेणारा हा भावाचा गुलाम. त्याला पस्तावा ठरलेलाच. अंथरूण न पाहता पाय पसरणारा दुसरा. त्याला भाव नव्हे, कर्ज मारते. आमचे एक सहकारी दुसरा प्लॉट घेऊन बसले आणि मुलाच्या कॉलेजप्रवेशाच्या वेळी पडत्या भावात विकून मोकळे झाले. तिसरा राहण्यासाठी घेतो आणि हप्ता झेपेल एवढेच घेतो. त्याच्या घराचा भाव रोज चढो की उतरो, तुळशीवृंदावनाला त्याचे काय?

स्वतःला मी या तिसऱ्या प्रकारात बसवले होते आणि तसे भाच्याला ऐटीत सांगितलेही. तो हसून म्हणाला, "मामींना विचारू या."

ही आत मेतकूट-भात कालवत होती. भाच्याने विचारले, "मामी, घर महाग घेतलं याचं वाईट वाटतं का?"

तिने क्षणभर विचार केला. "घराचं कशाला वाईट वाटेल रे? भिंत आपली, दार आपलं. तेव्हा बँकेत ठेवलेल्या माझ्या आईच्या पाटल्या तेवढ्या सुटल्या नाहीत, त्यांचं वाटतं."

अकरा वर्षांत ती हे मला कधी बोलली नव्हती. मीही कधी विचारले नव्हते. घराचा भाव मात्र मी पुष्कळांना विचारत आलो.

भाच्याला मी मुंबईचा एवढा इतिहास ऐकवला, पण जाताना त्याने वहीत टिपून नेले ते तिचेच वाक्य. फ्लॅट घ्यायचा की नाही हे त्याचे तो ठरवील. घेण्यापूर्वी घरात कोणाच्या पाटल्या आहेत हे एकदा पाहा, एवढेच मी त्याला बसस्टँडवर सांगितले.