शाळा सुटल्यानंतरची शाळा



गरीब मुलांसाठी मोफत शिकवणीचा वर्ग काढावयाचा म्हटले की आपण प्रथम जागा, बाके, फळा, शिक्षकांचे मानधन आणि या सर्वांसाठी लागणारा निधी यांचा हिशेब मांडतो. निधी जमेपर्यंत वर्ग लांबणीवर पडतो आणि तोवर नापास झालेला मुलगा शाळा सोडून कोठेतरी कामाला लागलेला असतो. इटलीतील बार्बियाना नावाच्या एका डोंगरी वस्तीत मात्र वर्ग आधी सुरू झाला आणि बाकीच्या गोष्टी मागाहून आल्या. त्या वर्गाचा इतिहास आपण सर्वांनी समजून घ्यावा असा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीने नवी राज्यघटना स्वीकारली. ती १ जानेवारी १९४८ रोजी अमलात आली. किमान आठ वर्षांचे शिक्षण सक्तीचे व मोफत राहील, असे तिच्या ३४ व्या कलमात नमूद आहे. परंतु कलम लिहिले म्हणजे मूल शिकले असे होत नाही. शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुले शाळेत जात, एकदोनदा नापास होत आणि घरी बसत. शाळेची भाषा त्यांच्या घरच्या भाषेहून वेगळी होती आणि घरी अभ्यास घेणारे कोणी नव्हते.

याच काळात लोरेन्झो मिलानी या तरुण कॅथलिक धर्मगुरूंनी फ्लॉरेन्सजवळील कालेन्झानो येथे कामगार व शेतकरी तरुणांसाठी रात्रीचा वर्ग चालविला. मिलानी यांचा जन्म १९२३ चा, फ्लॉरेन्समधील एका सधन व सुशिक्षित घराण्यातला. कोणत्याही पक्षाच्या वा विचाराच्या तरुणाला वर्गात येण्याचा संकोच वाटू नये म्हणून त्यांनी भिंतीवरचा क्रूससुद्धा उतरवून ठेवला. त्यांचे विचार वरिष्ठांना रुचले नाहीत. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांची रवानगी बार्बियानाला झाली. तेथे गाडीरस्ता नव्हता, वीज नव्हती. डोंगरभर विखुरलेली थोडी शेतघरे तेवढी होती. दुसरा एखादा माणूस खचून गेला असता. मिलानींनी मात्र पोहोचताच मुले गोळा केली आणि राहत्या घरात वर्ग सुरू केला.

या वर्गात बाके नव्हती. मोठी टेबले होती. त्यांवरच अभ्यास आणि त्यांवरच जेवण. एकेका पुस्तकाची एकच प्रत असे आणि मुले तिच्याभोवती दाटीने बसत. रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ लावला जाई, कारण शब्द कमी पडतात म्हणूनच गरीब माणूस दबतो, अशी मिलानींची धारणा होती. शाळा दिवसभर चाले, वर्षाचे सर्व दिवस चाले. शिस्त कडक होती. काही मुले तासाहून अधिक वेळ रान तुडवीत येत.

परंतु त्या वर्गाचा खरा प्राण दोन नियमांत होता. पहिला असा की सर्वांत मागे असलेल्या मुलाला समजल्यावाचून धडा पुढे सरकावयाचा नाही. दुसरा असा की ज्याला जे येते ते त्याने धाकट्याला शिकवावयाचे. मास्तर एकच होते, तरी शिकविणारे पुष्कळ झाले ते यामुळे. वर्गाच्या भिंतीवर 'आय केअर' हे दोन इंग्रजी शब्द लिहिलेले होते. मला याची काळजी आहे, मला याची पर्वा आहे, असा त्यांचा भाव.

पुढे शिक्षक होण्यासाठी परीक्षेला बसलेली येथील मुले नापास झाली, तेव्हा आठ विद्यार्थ्यांनी मिळून त्यांना नापास करणाऱ्या शिक्षिकेला एक दीर्घ पत्र लिहिले. कोणाची मुले नापास होतात आणि कोणाची शाळा सुटते, याचे आकडे त्यांनी स्वतः जमवून मांडले. दोष मुलांच्या बुद्धीचा नसून त्यांना गाळून टाकणाऱ्या शाळेचा आहे, हे त्यांचे म्हणणे. नापास करू नका, मागे पडणाऱ्याला दिवसभराची शाळा द्या आणि आळशी वाटणाऱ्यासमोर ध्येय ठेवा, या त्यांच्या तीन मागण्या. हे पत्र मे १९६७ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. पुढच्याच महिन्यात, २६ जून रोजी, मिलानी ४४ व्या वर्षी कर्करोगाने वारले. 'प्रिय बाई' या नावाने या पुस्तकाचा मराठी अनुवादही झालेला आहे.

या पत्रातील एक गोष्ट आपण पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. खालच्या गावातील मुली या वर्गाला आल्या नाहीत, असे ही मुले स्पष्ट लिहितात. कारण कदाचित अवघड वाट असेल, कदाचित बाईमाणसाला फारशी बुद्धी लागत नाही हा आईबापांचा समज असेल. वाट दुरुस्त करता येते. समज कोणी दुरुस्त करावा?

मिलानी गेले, पण त्यांचा कित्ता इतरांनी गिरविला. रोममध्ये जुन्या जलवाहिनीच्या कमानींना टेकून, दक्षिणेकडून पोटासाठी आलेल्या लोकांची झोपडपट्टी उभी होती. रोबेर्तो सार्देल्ली यांनी १९६८ मध्ये तेथेच एका झोपडीत मुलांचा वर्ग काढला. झोपडीचा क्रमांक ७२५, म्हणून शाळेचे नावही 'शाळा ७२५'. त्या मुलांनी आपल्या हालांविषयी महापौरांना पत्र लिहिले. १९७३ मध्ये ती वस्ती हटली आणि कुटुंबांना पक्की घरे मिळाली. इटलीत इतरत्रही स्वयंसेवकांनी शाळा सुटल्यानंतरचे वर्ग उघडले. १९७१ च्या कायद्याने प्राथमिक शाळांत पूर्ण दिवसाच्या शिक्षणाला वाट मिळाली. या चर्चेचाही त्यात वाटा होता.

विद्यार्थी मित्रहो, बार्बियानात चौदा-पंधरा वर्षांची मुले धाकट्यांना शिकवीत होती. तुमच्यापैकी जो दहावी झाला आहे, त्याला पाचवीचे गणित येतेच. पालकहो, तुमच्या घरातील एक खोली, एक दिवा आणि संध्याकाळचे दोन तास एवढे भांडवल आजही पुरेसे आहे. मोहल्ल्यात यंदा नापास झालेली मुले किती आणि त्यांत मुली किती, हे प्रथम मोजा. त्यांची नावे कागदावर उतरली की पहिली बैठक कोणाच्या ओट्यावर भरवावयाची, हे ठरविणे अवघड नाही.