'खर्ज' : एक शब्द आणि एक वीणा

एखाद्याचा आवाज जाड व खोल असला म्हणजे तो 'खर्जातला' आहे असे आपण मराठीत म्हणतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारसारख्या खेड्यात काय किंवा मुंबईत काय, हा प्रयोग कळण्यास संगीताचे ज्ञान लागत नाही. वास्तविक हा शब्द एका स्वराचे नाव होय. 'षड्ज' या संस्कृत शब्दाचे ते लोकरूप आहे. सप्तकातील पहिल्या स्वराचे नाव सर्वांत खालच्या आवाजाचे नाव कसे झाले, आणि त्या खालच्या आवाजासाठी एका वादकाने आपले वाद्यच कसे बदलले, याचा मागोवा प्रस्तुत टिपणात घ्यावयाचा आहे.

प्रथम ध्वनींचा विचार करू. संस्कृत 'ष'चा मराठीत स्वाभाविक परिणाम 'स' असा होतो. 'षष्'पासून 'सहा', 'वर्ष'पासून 'वरीस'. 'ष'चा 'ख' होणे ही उत्तरेकडील उच्चाराची खूण आहे. तिकडे 'भाषा'ची 'भाखा' व 'वर्षा'ची 'बरखा' झाली. जुन्या हिंदी हस्तलिखितांत तर 'ख'साठी सर्रास 'ष' हेच अक्षर लिहिलेले आढळते. यावर कोणी असा आक्षेप घेईल की, महाराष्ट्रातील माध्यंदिन शाखेचे वैदिकही 'ष'चा उच्चार 'ख' असा करतात. आक्षेप खरा आहे. पण तो उच्चार वेदपठणापुरता राहिला, घरच्या बोलीत उतरला नाही. तेव्हा 'खरज' हे रूप उत्तरेतील गायकवादकांबरोबर आपल्याकडे आले, असेच मानणे युक्त ठरते. त्याचे 'खर्ज' मात्र मराठीने केले असावे. 'खरजात', 'खरजाचा' या सामान्यरूपांत मधला अकार उच्चारात लोपतो, आणि 'कर्ज', 'अर्ज' हे शब्द जिभेवर आधीच रुळलेले होते.

अर्थाची वाटचाल अधिक मनोरंजक आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या (१२१०–१२४७) पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त षड्ज हा स्वर व मंद्र हे स्थान यांचा निरनिराळा विचार केला आहे. त्याच्या मते मंद्राचे स्थान हृदय, मध्याचे कंठ व ताराचे मस्तक. म्हणजे स्वराचे नाव एक व खोलीचे नाव दुसरे. पुढे हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले. याचे कारण ग्रंथांत शोधण्यापेक्षा रियाजात शोधावे, असे मला वाटते. तंबोऱ्याची चौथी तार खालच्या षड्जात लावतात. तिला खर्जाची तार म्हणतात. गायक पहाटे त्या स्वरावर आवाज ठेवतो व तेथून एकेक स्वर खाली उतरतो. याला खर्ज भरणे म्हणतात. ज्या स्वराशी रोज खाली उतरावयाचे, त्याचे नाव त्या तळाला मिळाले.

या खर्जाच्या साधनेवर धृपदियांच्या डागर घराण्याने विशेष भर दिला. त्या घराण्यातील झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांचा जन्म उदयपूरचा. वडील झियाउद्दीन खाँ तेथील दरबारी गायक व बीनकार होते. मुलास गळ्याची व वीणेची अशी दोन्ही तालीम त्यांच्याकडून मिळाली. पुढे मोहिउद्दीन मुंबईत चेंबूर येथे राहिले आणि नंतर पनवेलजवळ पळस्पे येथे त्यांनी गुरुकुल उभारले. धाकटे बंधू झिया फरिदुद्दीन (१९३२–२०१३) हे गायक. ऋत्विक सान्याल यांच्यासारखे शिष्य या दोघांकडे शिकले.

रुद्रवीणेच्या चार मुख्य तारा मध्यम, षड्ज, पंचम व त्याखालचा षड्ज अशा लावतात. शेवटची तार मध्य षड्जाहून दोन सप्तके खाली असते. मोहिउद्दीनांनी हे मूळचेच खोल वाद्य आणखी खोल केले. भोपळे मोठे, दांडी जाड, तारा अधिक जाड. यामागचे गणित साधे आहे. लांबी व ताण तेच ठेवून तार एक सप्तक खाली आणावयाची तर तिचा व्यास दुप्पट करावा लागतो. आणि जाड तारेचा नाद नीट उमटण्यास वाद्याचे पोटही मोठे लागते. वाद्य जड झाले, तेव्हा ते खांद्यावरून आडवे धरणे सोडून, एक भोपळा गुडघ्यावर व दुसरा जमिनीवर अशी बैठक त्यांनी घेतली. मिजराबही टाकली. तार नुसत्या बोटाने छेडल्याने आघाताचा कडकपणा गेला व मागे रेंगाळणारा नाद पुढे आला.

मिजराब गेल्याने रियाजाचे स्वरूपही बदलते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. सतारीच्या रियाजात उजव्या हाताचे बोल घोटण्यास मोठे स्थान असते. येथे उजव्या हाताने एकदा छेडावयाचे आणि तो नाद विझेपर्यंत डाव्या हाताने तार ओढून मींड पुरी करावयाची. तार जाड, म्हणून ओढण्यास बळ लागते. स्वर जरा सरकला तर तो लांबवर तसाच चुकीचा ऐकू येत राहतो. द्रुत वादनात चूक पुढच्या आघाताखाली झाकली जाते, खर्जात ती झाकावयास काही नसते. एकच राग तासभर आलापीत उलगडणाऱ्या या वादकाच्या संथपणास काही जण कंटाळवाणा म्हणत. पण तो वाद्याच्या नादातून आलेला संथपणा आहे. निराळी लकब नव्हे.

हा परंपरेचा भंग झाला काय? वाद्याकडे पाहिले तर झाला, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. जुनी हलकी बीन व ही वीणा यांच्या आवाजात फार अंतर आहे. खंडारबानीचे बीनकार असद अली खाँ (१९३७–२०११) शेवटपर्यंत वीणा खांद्यावर घेऊन, मिजराब लावूनच वाजवीत; त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मोहिउद्दीनांचे वादन मात्र गळ्याशी ताडून पाहावे. धृपद गायक पहाटे मंद्रात जे करतो, तेच येथे तारेवर आले आहे. मणि कौल यांच्या 'धृपद' या १९८०नंतरच्या दशकातील चित्रपटात दोघे बंधू आहेत. त्यातील गायन व वादन लागोपाठ ऐकले तर हे कानास सहज पटते.

१९८१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९०मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पुत्र बहाउद्दीन यांनी हीच मोठी वीणा पुढे चालविली.