क्रेगलॉकहार्टचे पाक्षिक

शाळा-कॉलेजात हस्तलिखित अंक काढलेल्यांना संपादकाची तगमग ठाऊक असते. साहित्य वेळेवर येत नाही, आले तर छापण्याजोगे नसते. १९१७ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराच्या कडेला असलेल्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळातला एक रुग्णही याच विवंचनेत होता. नाव विल्फ्रेड ओवेन, वय २४, हुद्दा सेकंड लेफ्टनंट. फ्रान्समध्ये तोफगोळ्यांच्या माऱ्यात एका मृत सहकाऱ्याच्या अवशेषांजवळ खड्ड्यात त्याला काही दिवस काढावे लागले होते. त्यानंतर हात कापू लागले, झोपेत भीषण स्वप्ने पडू लागली. अशा आजाराला तेव्हा 'शेल शॉक' म्हणत.

क्रेगलॉकहार्ट हे मुळात जलोपचाराचे केंद्र. १९१६ मध्ये लष्कराने ते ताब्यात घेतले आणि मनाने खचलेल्या अधिकाऱ्यांसाठी तेथे इस्पितळ सुरू केले. ओवेनचे डॉक्टर आर्थर ब्रॉक यांचे म्हणणे असे की, युद्धाने माणूस आपल्या परिसरापासून तुटतो, त्याला पुन्हा जोडायचे तर कामाला लावले पाहिजे. मग बागकाम, व्याख्याने, नाटके, संगीताचे कार्यक्रम आणि रुग्णांनीच चालविलेले 'द हायड्रा' हे पाक्षिक. ओवेनने त्याचे सहा अंक काढले. मातीला पाय टेकले की बळ परत येणाऱ्या अँटिअस या ग्रीक राक्षसावर कविता लिहिण्याचे कामही ब्रॉकनी त्याला दिले. औषधाच्या चिठ्ठीवर कविता लिहून देणारा डॉक्टर विरळाच!

ऑगस्टमध्ये ओवेन सीगफ्रीड सासूनला भेटला. सासून नामवंत कवी. युद्ध विनाकारण लांबविले जात आहे, असे जाहीर पत्रक काढल्यामुळे त्याला इथे धाडले होते. त्याने ओवेनच्या कवितांचे खर्डे तपासले, शब्द सुचविले. 'अँथम फॉर डूम्ड यूथ'च्या खर्ड्यांवर सासूनचे हस्ताक्षर आजही दिसते. ओवेनच्या हयातीत छापल्या गेलेल्या मोजक्या कवितांपैकी दोन 'हायड्रा'तच आल्या.

इथे एक धागा आपल्या दाराशी येतो. ब्रॉक हे पॅट्रिक गेडिस यांचे अनुयायी. हेच गेडिस इंदूरचा नगररचना आराखडा करून १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. सासूनवर उपचार करणारे डॉ. रिव्हर्स पुढे केंब्रिजमध्ये गोविंद सदाशिव घुर्यांचे मार्गदर्शक झाले. घुर्ये आपल्या शेजारचे, मालवणचे, आणि जन्मसाल ओवेनचेच, १८९३.

या साऱ्या उपक्रमांचे कौतुक वाचताना मला मात्र एक गोष्ट टोचत राहते. इस्पितळ लष्कराचे होते. तेथे बरे होणे म्हणजे वैद्यकीय मंडळापुढे उभे राहून 'सेवेस योग्य' असा शेरा मिळविणे. फाइलींवरचे शेरे रोज पाहणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पाक्षिक, नाटक, बाग या सगळ्याची वाट शेवटी खंदकाकडेच जात होती. रिव्हर्सना हा पेच छळत असे. आणि हे लाडही अधिकाऱ्यांपुरतेच. साध्या शिपायांच्या वाट्याला काय येई, ते लंडनच्या डॉ. यिलँड यांच्या १९१८ च्या पुस्तकात आहे: वाचा गेलेल्या शिपायाला बोलता येईपर्यंत घशाला विजेचे झटके.

तरीही कवितेने ओवेनला काही दिले नाही, असे मी म्हणणार नाही. त्याची स्वप्ने त्याच्या कवितांत उतरली आणि भीतीला शब्द सापडले. शरीर मात्र लष्कराच्याच मालकीचे राहिले. ऑगस्ट १९१८ मध्ये तो पुन्हा फ्रान्सला गेला आणि ४ नोव्हेंबरला सांब्र-ओआज कालव्यावर मारला गेला. तार घरी पोचली ११ नोव्हेंबरला, युद्धविरामाच्या दिवशी.

सासून वाचला. १९२० साली ओवेनचा पहिला संग्रह निघाला, त्याला प्रस्तावना सासूनचीच आहे.