दिवेलागण ते स्विचबोर्ड : कचेरीतील दिवे एका भिंतीवर कसे आले?

१/१३
सेनगावातील कोणत्याही कचेरीत, बँकेत वा शाळेच्या कार्यालयात शिरा. दाराशेजारी एक बोर्ड दिसेल. सकाळी शिपाई त्यावरून एकदा हात फिरवतो आणि दहा-बारा दिवे एकदम उजळतात. दिवा छताला आणि त्याचे बटण भिंतीवर, ही रचना आज आपल्याला स्वाभाविक वाटते. तिचाही एक इतिहास आहे. हा थ्रेड त्याविषयी.

२/१३
विजेपूर्वीच्या समई, कंदील, गॅसबत्ती या साऱ्यांत एक गोष्ट समान होती : दिव्याचे नियंत्रण दिव्यापाशीच असे. ज्याला उजेड हवा त्याने दिव्यापर्यंत जायचे. काच पुसणे, वात कातरणे, रॉकेल भरणे हे प्रत्येक दिव्याचे स्वतंत्र काम. ‘दिवेलागण’ हा शब्द आज आपण वेळ सांगण्यासाठी वापरतो. त्यामागे रोजचे हे श्रम होते.

३/१३
१८६५ मध्ये मुंबईच्या काही रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. नळ्या जमिनीखालून, इंधन एकाच कारखान्यातून. तरी दिवे पेटवणारा माणूस खांबाखांबाशी जाई. युरोपातील नाट्यगृहांनी मात्र रंगमंचावरील सर्व दिव्यांच्या गॅसच्या तोट्या एका मेजाशी आणल्या होत्या. दिवा एकीकडे, त्याची तोटी दुसरीकडे : स्विचबोर्डाचा पूर्वज म्हणून या मेजाकडे बोट दाखवता येईल.

४/१३
विजेचे आरंभीचे मोठे दिवे ‘आर्क’ पद्धतीचे होते. १८७९ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या चौकात असे १२ दिवे लागले. एकच प्रवाह साऱ्या दिव्यांतून ओळीने जाई. पेटली तर सगळी ओळ, विझली तर सगळी ओळ. चौकासाठी हे ठीक होते. कचेरीत मात्र एका मेजावर उजेड हवा आणि दुसऱ्यावर नको, अशी गरज असते.

५/१३
एडिसनने दिवे समांतर जोडले. प्रत्येक दिव्याला पूर्ण दाब मिळतो आणि एक विझला तरी शेजारचा तेवत राहतो. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कचे पर्ल स्ट्रीट केंद्र सुरू झाले, तेव्हा एडिसन स्वतः उभा होता वॉल स्ट्रीटवरील जे. पी. मॉर्गनच्या पेढीत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कार्यालयात त्या दिवशी ५२ दिवे लागले. या नव्या प्रकाशाच्या पहिल्या ग्राहकांत कचेऱ्या होत्या, हे ध्यानात घ्यावे.

६/१३
त्याच १८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. पण ती कंपनी फार काळ टिकली नाही. मुंबईला विजेची स्थिर व्यवस्था मिळाली ती १९०५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीमुळे. आजच्या ‘बेस्ट’चे मूळ तेच.

७/१३
आता बटणाकडे वळू. विद्युतमंडल हळूहळू तोडले तर दोन टोकांमध्ये ठिणगी ताणली जाते आणि धातू जळतो. १८८४ मध्ये न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सने स्प्रिंगच्या साहाय्याने क्षणात तुटणारे बटण बनवले. बटणाचा ‘खट्’ आवाज हा त्या झटक्याचा आवाज आहे. अशी बटणे जवळजवळ बसवणे सुरक्षित झाले, म्हणून अनेक दिव्यांचा एक बोर्ड शक्य झाला.

८/१३
बोर्डाची जोडणी पाहा. मेन स्विचमधून वीज वितरण पेटीत येते. तेथे पूर्वी किटकॅट फ्यूज असत, आता एमसीबी असतात. पेटीतून एक फेज बोर्डावर येते आणि सर्व बटणांच्या एका टोकाला लूपने जोडली जाते. दुसऱ्या टोकांतून प्रत्येक दिव्याची किंवा दिव्यांच्या गटाची स्वतंत्र तार निघते. न्यूट्रल मात्र सर्व दिव्यांना सामाईक. म्हणजे मध्यवर्ती बोर्डाची किंमत तारेत मोजावी लागते : जितके स्वतंत्र नियंत्रण, तितक्या तारा.

९/१३
येथे एक चूक प्राणघातक ठरते. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवले तरी दिवा नेमका तसाच लागतो आणि विझतो. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरात फेज जिवंत राहते. बोर्ड दाराशी, दिवा दूर. शिडीवर चढलेला माणूस बोर्डावर विसंबून हात घालतो. नियंत्रण दिव्यापासून दूर गेल्यामुळे जन्मलेला हा धोका आहे.

१०/१३
म्हणून कायदा भिंतीपर्यंत आला. भारतात वीज कायदे १९०३ व १९१० मध्ये झाले. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी पुरवठ्याच्या आरंभाशी मेन स्विच आवश्यक केला, केवळ न्यूट्रल तोडणाऱ्या साधनांना मज्जाव केला आणि जोडणीचे काम परवानाधारकांकडे सोपवले. वायरमनचा परवाना हा त्याच इतिहासाचा कागद आहे.

११/१३
मग सगळी कचेरी एकाच बटणावर का नाही? दिव्यांच्या एका सर्किटवर १० पेक्षा अधिक पॉइंट आणि ८०० वॅटपेक्षा अधिक भार नसावा, असा आपल्याकडचा रूढ संकेत आहे. जुनी ४० वॅटची ट्यूब चोकसह सुमारे ५० वॅट घेई. अशा ३० ट्यूब म्हणजे १५०० वॅट, २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर. साधे बटण ५-६ अँपिअरचे. शिवाय एक फ्यूज उडाला की सारी कचेरी अंधारात. तीन सर्किटे केली तर दोन भाग उजेडात राहतात.

१२/१३
आपल्या भागात हा बोर्ड उशिरा पोहोचला. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे वीज खाते १९१० चे, पण वीज मुख्यतः राजधानीभोवती. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९६८ मध्ये सेनगाव तालुक्याच्या शिवेलगत पूर्णा नदीवर येलदरीचे जलविद्युत केंद्र आले, क्षमता २२.५ मेगावॉट. धरणाचा इतिहास आपण सांगतो. त्याच विजेचे भिंतीवरील टोक नोंदीबाहेर राहते.

१३/१३
आणि तेथेच माझ्या मते खरा प्रश्न आहे : उजेडाचा निर्णय कोणाचा? कंदिलाजवळ बसणारा तो स्वतः घेई. बोर्डाने तो दाराशी नेला. दिव्यांचे गट खिडकीच्या ओळीप्रमाणे पाडले तर उन्हाच्या बाजूचे दिवे वेगळे विझवता येतात. तसे न केल्यास लख्ख दुपारीही सारे जळत राहतात. गटांची ही वाटणी पाहिली की ती इमारत कोणाच्या सोयीने चालते, ते कळू शकते.

लाकडी बोर्ड, काळी गोल बेकेलाइटची बटणे, भिंतीवरची केसिंग-कॅपिंग आता झपाट्याने काढली जात आहे. आपल्या गावच्या जुन्या शाळेत वा चावडीत असा बोर्ड शिल्लक असेल, तर तो न उघडता, हात न लावता त्याचे छायाचित्र घ्या. कोणते बटण कोणत्या दिव्याचे, हे तेथील जुन्या शिपायाला विचारून लिहून ठेवा. ही माहिती बहुधा केवळ त्याच्याकडेच असते.